भाऊबीजेचा रिकामा पाट

एमआरटी रेल्वेत एखादे वृद्ध भारतीय गृहस्थ दिसले, की माई त्यांची डावी भुवई बघायच्या. तिथे व्रण नसला की मान खाली घालायच्या. तो व्रण त्यांच्या भावाला होता. एकदा मला म्हणाल्या, "दादा आता ऐंशीचा असेल. तरुणांकडे बघून काय करू?"

यिशुन उपनगरात त्यांच्या मुलाच्या, सुहासदादांच्या फ्लॅटमधली एक खोली मी भाड्याने घेतली होती. आमच्या घरातला मी पहिलाच पदवीधर, परदेशात पुरता बावरलेला. तापाने पडलो तेव्हा माईंनी मऊ भात भरवला, त्याची चव अजून जिभेवर आहे.

महायुद्धात माईंचे हे दादा एका अवजड बॉम्बफेकी विमानावर बिनतारी संदेशाचे काम करत. ब्रह्मदेशाकडे गेलेले ते विमान परतलेच नाही. माई तेव्हा शाळकरी होत्या. तेव्हापासून दर भाऊबीजेला त्या दादांसाठी पाट मांडून, निरांजन लावून बसत. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात, तसे करा, असे एका शेजारणीने सुचवले. माईंनी तिच्याशी बोलणेच टाकले. पूर्वी एकदा कृष्णेच्या पुरात काठाला लागलेले दादा बुडणाऱ्या मित्रासाठी पुन्हा पाण्यात उतरले होते. "दादा कुणाला मागे टाकून येणारा नव्हे," माई म्हणत. "मग मला कसा टाकेल?"

पुढे त्यांचे हृदय थकले. मरण्याआधी काय ते कळू दे, म्हणून त्यांनी मुलाला गळ घातली. सुहासदादांनी विमानदलाच्या जुन्या नोंदी धुंडाळल्या. भाऊबीजेच्या सकाळी आम्ही त्यांना क्रांजीच्या युद्धस्मारकात नेले. दादांचे नाव दगडात कोरलेले होते. माईंनी त्यावरून बोट फिरवले.

"ज्यांचे देह सापडले नाहीत, त्यांची नावं आहेत ना ही? म्हणजे यांनाही नक्की ठाऊक नाही."

सुहासदादांनी मग विमानातल्या बाकीच्यांची नावे दाखवली. सगळी गोऱ्या पोरांची, तीही इथेच कोरलेली.

"एकही परतला नाही?"

"नाही, आई."

माईंनी त्या नावांवरूनही एकेक करून बोट फिरवले. मग हळूच म्हणाल्या, "मग तो नाही यायचा. त्यांना टाकून कसा येईल?"

संध्याकाळी त्यांनी पाट मांडला नाही. तबक घेऊन कॉरिडॉरमध्ये आल्या आणि मला विचारले, "चंद्र कुठून दिसतो रे इथे?"

समोरच्या ब्लॉकच्या गच्चीवर बारीकशी कोर होती. माई चंद्राला ओवाळू लागल्या, तसा मी तबकाला खालून हात दिला.