चाचणीचा नंबर

आखाडा बाळापुरात घरी बसूनच मी फोनच्या सर्व्हरचं काम करतो. कंपनी पुण्याची. कुणी कुणाला फोन लावला की आमचा सर्व्हर पुढे निरोप धाडतो, अमक्याची घंटी वाजवा. निरोप बाहेर पडण्याच्या अगदी शेवटच्या क्षणी माझा कोड वाटेत उभा असतो. निरोपात बदल करायची त्याला मुभा नाही. फक्त बघायचं आणि जाऊ द्यायचं की अडवायचं ते ठरवायचं. गावात हे समजावण्याच्या भानगडीत मी पडत नाही. "कॉम्प्युटरवर असतो," एवढ्यावर भागतं.

चाचणीला खरा नंबर लागायचा, म्हणून वडिलांचा टाकला होता. ते शेळ्यांमागे रानात. फोन आला की थोडा वेळ काहीबाही बोलत राहा, असं त्यांना सांगून ठेवलेलं. पण बोलायला सुचेल तर शपथ! ते सरळ फोन शेळ्यांपुढे धरायचे आणि मग म्हणायचे, "आवाज बराबर येऊन राहिला." ऐकायचं काम माझं होतं, पण निकाल तेच देऊन मोकळे व्हायचे.

उन्हाळ्यात ते गेले. शेळ्या विकल्या. मी रडलो नाही. तेरवी झाली आणि लॅपटॉप उघडून बसलो. आत सगळं बधिर झालं होतं, अजून तसंच आहे. नंबर तेवढा बदलला नाही. फोन आता आईकडे. वाजला की ती हातातलं काम टाकून यायची. "तुज्या बापावानी मला काय बोलता येत न्हाई," म्हणायची आणि फोन कानाला लावून नुसती बसायची. तिला दिवसभरात तेवढाच एक फोन यायचा.

परवा साहेबांनी कळवलं, चाचणीचा एक फोन भलत्याच गिऱ्हाइकाला गेला. यापुढे असे फोन बाहेरच्या कुठल्याच नंबरवर जाता कामा नयेत, शेवटच्या टप्प्यावर अडवा. आमचा एक नंबर वगळू का, असं विचारायचं ओठावर आलं होतं. पण कारण काय सांगणार? चार ओळींचं काम, करून टाकलं.

"आई, फोन हातात घेऊन बस. वाजतो का बघ."

ती ओसरीत बसली. मी फोन लावला. स्क्रीनवर उमटलं, अडवला. ती फोनकडे बघत राहिली.

"न्हाई वाजला रे."

"न्हाईच वाजायला पाहिजे. आता कदीच न्हाई वाजणार."

"काहून?"

"साहेबाचा नियम हाय."

"मंग तुजं काम बराबर झालं?"

"व्हय. बराबर झालं."

तिनं मान हलवली, उठली आणि फोन चार्जिंगला लावला.