शकूचा शेवट

हे मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही — आणि त्याला मी साडीची खरी किंमतही सांगते, म्हणजे बघा!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही खडकीला राहायचो. माझे सासरे, नाना, आणि शेजारचे जोगकाका — दोघेही कारखान्यातून निवृत्त, दोघेही रेडिओवरच्या शुक्रवारच्या श्रुतिकेचे भक्त. शकू नावाची मुलगी बापाशी भांडून घर सोडते, आणि बाप रोज दाराची कडी काढून तिची वाट बघतो. ती परत येणार का? या प्रश्नावर आमच्याकडे आठवडाभर चहा उकळायचा. शकू जणू आमच्याच नात्यातली.

नेमका शेवटचा भाग आला तेव्हा नाना मोतीबिंदूसाठी दवाखान्यात. "सूनबाई, नीट ऐका आणि मला सगळं सांगा," असं बजावून गेलेले. आणि मी? समोरच्यांकडे नवीकोरी केबल आली होती. सिनेमा बघत बसले.

दुसऱ्या दिवशी नाना डोळ्याला पट्टी बांधून उशीला टेकलेले. विसरले म्हणायला काय झालं होतं? पण उचलली जीभ लावली टाळ्याला! आणि अहो, मी रंगलेच. पावलांसाठी टेबलावर बोटं वाजवली, कडीसाठी बांगड्या. 'बाबा' अशी हाकही मारली — अगदी शकूच्या आवाजात. "दिसली हो मला, दारात उभी दिसली!" नाना म्हणाले. पट्टीखालून पाणी आलं त्यांच्या. नुसत्या आवाजातून माणूस उभं राहतं, ही रेडिओची जादू — आणि ती चक्क माझ्या हातून झाली होती! खरं सांगते, मला फार आनंद झाला.

नाना घरी आले, जोगकाका भेटायला आले.

"शकू येत नाही, नाना. म्हातारा शेवटी कडी लावून घेतो. मी स्वतः ऐकलंय."

"कान तपासून घ्या, जोग. जन्मभर यंत्रापाशी उभे राहिलात, दुसरं काय होणार?"

काका माझ्याकडे वळले. "सूनबाई, तुम्हीच सांगा."

तेव्हा बोलता आलं असतं — नाही? हातात चहाचा ट्रे होता, समोर दोन म्हातारे. मी म्हणाले, "ती येते, काका." वर हसलेसुद्धा.

काका भांडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता आपला कान चाचपला. पुढे प्रत्येक श्रुतिकेनंतर यायचे आणि हळूच विचारायचे, "बरोबर ऐकलं ना मी?" मी हो म्हणायचे — आणि काय सांगू — तेही जरा मोठ्या आवाजात, ऐकू न येणाऱ्याशी बोलावं तसं.

मग एका सकाळी ते स्वतःचा ट्रान्झिस्टर घेऊन आले. "तुम्ही ठेवा, सूनबाई. ऐकलेलं खरं आहे असं वाटतच नाही हल्ली."

त्यांचे कान ठणठणीत होते. माझ्याएवढं ते कुणाला ठाऊक असणार?

मी ट्रान्झिस्टर घेतला.