रेघेच्या वर दोन हात

आमचे धाकटे दीर सुतार आहेत. गल्लीत त्यांना सगळे गुण्या म्हणतात. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, आणि हा माणूस ते कायम खिशात घालून हिंडणारा. कोणाकडे जेवायला बसले तरी आधी टेबल बघणार आणि म्हणणार, "हा पाय अर्धा सूत कमी आहे." अर्धा सूत! अहो, समोरचं निवतंय, ते गिळा की आधी! मी त्यांची थोरली भावजय. मला बोलायचा हक्क आहे आणि मी तो सोडत नाही.

माझे मालक जाऊन बावीस वर्षं झाली. जाऊ त्यांच्याही आधी गेली, चार वर्षांची लेक मागे ठेवून. तेव्हापासून भाऊजी, मी आणि ती पोर, एवढंच आमचं घर. पोरीची वेणी मी घातली, अभ्यास मी घेतला, धपाटेही मीच घातले. बापाला रागवायला कुठं येत होतं? पोर रडली की हा माणूस खाली कारखान्यात जाऊन उगाच एखादी फळी तासत बसायचा.

अकरा वर्षांपूर्वी नदी वस्तीत शिरली ती छातीएवढी. माणसं वाचली, पण अंथरुणं, धान्य, पोरांचे दाखले, सगळ्याचा चिखल झाला. पाणी उतरलं तेव्हा घराघरांत भिंतीवर गढूळ रेघ राहिली होती. लोक ती पुसायला लागले, तर भाऊजी पेन्सिल घेऊन दारोदार. "थांबा, पुसू नका." आधी रेघेवर पेन्सिलीची खूण करायची, मग मोजून तिच्या वर दोन हात माळा ठोकायचा, अशी त्यांची पद्धत. पुढच्या पाच-सहा वर्षांत त्यांनी वस्तीत त्रेसष्ट माळे केले. एकही कुरकुरला नाही.

मग काय, आम्ही सगळे निर्धास्त! पाऊस वाढला की इतर वस्त्यांतले लोक गाठोडी घेऊन शाळेत जायचे, आणि आमचे लोक गाठोडी घेऊन माळ्यावर. कोणी विचारलंच तर म्हणायचे, "गुण्याचा माळा आहे, भ्यायचं काय?" पाणी म्हणजे काय भाडेकरू आहे, ठरल्या खोलीत राहायला? पण हे शहाणपण मला आत्ता सुचतंय. तेव्हा मीही इतरांसारखीच मान डोलवत होते.

पोर सहा वर्षांपूर्वी खालच्या गल्लीत दिली. जावई ट्रकवर असतात, महिन्यातले वीस दिवस बाहेर. घरी सासू आणि सून. विहीणबाई म्हणजे जिभेला धार. अंगानं चांगल्या भरभक्कम, आणि दारात उभ्या राहिल्या की आत जायला वाट नाही. सगळ्या गल्लीत कौलं आणि पत्रे, यांचं एकटीचं घर स्लॅबचं, त्याचा तोरा वेगळाच. वर जायचा जिना मात्र पैसे आले की बांधू, पैसे आले की बांधू, असं करत राहूनच गेला होता. लेकीचं घर म्हणून भाऊजींनी तिथला माळा जीव ओतून केला. वाऱ्यासाठी माळ्याच्या उंचीला एक हातभर खिडकी ठेवली. विहीणबाई म्हणाल्या, "मांजर शिरेल, गज लावा." भाऊजींनी सागाची चौकट केली, गज बसवले, चौकट सिमेंटमध्ये धरली आणि मला म्हणाले, "वहिनी, भिंत पडेल पण ही चौकट हलायची नाही." मी म्हटलं, वा! काम असावं तर असं! तेव्हा माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

या वर्षी चार दिवस पाऊस थांबलाच नाही. पाचव्या दिवशी सकाळी भोंग्याची गाडी फिरली. धरणाचे दरवाजे उघडलेत, खालच्या गल्ल्यांनी घरं सोडा. आठच्या सुमाराला पोरीचा फोन आला. "काकू, सासूबाई म्हणतात, बाबांनी केलेला माळा असताना शाळेत जाऊन लोकांच्या पायात कशाला पडायचं? काय करू?" भाऊजी खाली कारखान्यात होते. त्यांना हाक मारायला मला दहा पायऱ्या उतरायच्या होत्या. मी उतरले नाही. मी म्हटलं, "बरोबर आहे त्यांचं. कपडे आणि कागद घेऊन वर बसा." हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

दहा वाजता पाणी जुन्या रेघेला लागलं आणि अकरा वाजता रेघ दिसेनाशी झाली. भाऊजी कारखान्यातून वर येऊन आमच्या दारात उभे होते. समोरच्या विजेच्या खांबाकडे बघून त्यांनी काय मोजलं कोण जाणे, पांढरेफटक पडले. पहार, लाकूड तासायचा वाकस आणि दोर घेतला, शेजारच्या नळवाल्याला हाक मारली. त्याच्याकडे ट्रकची एक हवा भरलेली ट्यूब होती. दोघं ती धरून पाण्यात उतरले. पुढचं मला नळवाल्यानं सांगितलं. भाऊजी अशा गोष्टी सांगणाऱ्यातले नाहीत.

वाटेत शिंप्याचं घर लागलं. दार बुडालेलं आणि कौलांच्या आतून हाका येत होत्या. माळ्यावर पाच माणसं बसलेली आणि वरून बाहेर पडायला वाट नाही. त्रेसष्ट माळ्यांत एकालाही वरून वाट ठेवायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. करणाऱ्याच्याही नाही, करून घेणाऱ्याच्याही नाही. भाऊजी छपरावर चढले, माळा नेमका कुठल्या कौलांखाली आहे ते त्यांना पाठ होतं, तिथंच पहार घातली. पाचही जणांना वर काढलं. नळवाला म्हणतो, त्यात वीस मिनिटं गेली. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी ओरडले होते, "अरे, पोटची पोर तिकडे बुडतेय आणि तुम्ही शिंपी कसले काढत बसलात!" देवा, काय बोलून गेले मी.

लेकीच्या घराला कौलं नव्हती. स्लॅबला पहार काय करणार? नळवाला वर चढून दोर धरून आडवा पडला आणि भाऊजी ट्यूबला लटकून खिडकीपाशी गेले. आत माळ्यावर गळ्याएवढं पाणी. गजांपाशी विहीणबाई, आणि त्यांच्या मागे त्यांच्या खांद्याला धरून पोर. भाऊजींनी वाकस चालवायला सुरुवात केली. गज सोडवायचे तर चौकट फोडायला हवी, आणि चौकट त्यांनीच केलेली. साग तो, बोटभर ढलपी निघायची आणि पाणी बोटभर चढायचं. चार गजांपैकी तीन निघाले. चौथा काही केल्या निघेना. जी फट झाली तिच्यातून बारीक माणूस निघालं असतं. जाड माणूस निघालं नसतं.

पोर बाहेर आली. दोन्ही दंड सोलून निघाले होते. नळवाल्यानं तिला वर ओढलं. तोवर खिडकी पाण्याखाली गेली. भाऊजी खांद्यापर्यंत हात आत घालून चाचपडत राहिले. नळवाला दोर ओढत होता आणि हा माणूस हात बाहेर काढत नव्हता. शेवटी शिव्या देऊन, ओढून वर घेतला.

पाणी तिसऱ्या दिवशी उतरलं. विहीणबाई माळ्यावरच सापडल्या. वस्तीत अशी सात माणसं गेली, सगळी माळ्यावर.

पोर आमच्याकडेच होती. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली. दगडासारखी. रडणं नाही, बोलणं नाही. येईल त्याला फक्त एकच वाक्य सांगायची, "सासूबाईंनी मला आधी पुढे ढकललं." बायका पदर डोळ्याला लावायच्या आणि म्हणायच्या, "केवढी माऊली!" भाऊजी ऐकायचे आणि उठून जायचे. माझ्या मनात पाल चुकचुकली. मी त्यांना खाली गाठलं. त्यांनी मला खरं काय ते सांगितलं. मी हात जोडले. म्हटलं, "भाऊजी, तुमच्या पाया पडते. पोर म्हणते तेच खरं धरा. जावयांना दुसरं काही कळलं तर ते तिला नांदवतील का? मेलेलं माणूस काही साक्षीला येत नाही." ते मान खाली घालून गुण्या पुसत राहिले. मला वाटलं, पटलं.

पूल वाहून गेलेला, त्यामुळे जावई पाचव्या दिवशी पोचले. आईला अग्नी आधीच दिला होता, ते नुसती राख बघून स्मशानातून सरळ आमच्या स्वयंपाकघरात आले. मी चहा ठेवला. जावई म्हणाले, "मामा, आईनं हिला आधी बाहेर काढायला लावलं ना?"

मी भाऊजींकडे डोळे वटारून बघत होते. आयुष्यात एकदा, एकदाच वाकडं बोल रे बाबा!

"नाही," भाऊजी म्हणाले. "खिडकीपाशी त्या होत्या. मीच म्हटलं, विहीणबाई, बाजूला व्हा, तिला पुढे येऊ द्या. फट लहान होती, त्या निघाल्या नसत्या. पण खरं सांगतो, फट मोठी असती तरी मी हेच म्हटलं असतं."

चहा उतू गेला. मला वाटलं, संपलं. पोरीचा संसार या माणसानं स्वतःच्या हातानं मोडला.

जावयांनी विचारलं, "मग आई काय म्हणाली?"

"काही नाही. सरकल्या." भाऊजी म्हणाले. "मी पोरीला ओढायला लागलो तेव्हा मागून म्हणाल्या, व्याही, हळू ओढा हो, खिळे आहेत तिथं, लागेल तिला."

जावई उठले आणि आतल्या खोलीत गेले. पोर तशीच भिंतीकडे तोंड करून पडली होती. ते तिच्या उशाशी बसले, दंडावरच्या पट्टीला नुसता हात लावला आणि म्हणाले, "फार दुखतंय का गं?" तेव्हा पोर रडली. पाच दिवसांत पहिल्यांदा. असला हंबरडा मी तिच्या आईच्या मरणातही ऐकला नव्हता.

मी आत धावले, तिला पोटाशी धरलं, जावयांना पाणी दिलं. बाहेर आले तर भाऊजी त्याच जागी बसलेले. उजवा हात मांडीवर. खांद्यापासून मनगटापर्यंत सगळा काळानिळा, फाटलेला, पाच दिवसांत औषधाचं बोटही न लागलेलं. दुखतंय का म्हणून त्यांना आजवर कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही.