पहिला झुरका

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही — बायकोपाशीसुद्धा नाही. तसं माझं बरं चाललंय हो. भिसेगावात शेत आहे, दोन्ही वेळ भात आहे, नातवंडं पाठीवर चढतात. झोपही छान लागते. मग आज का सांगतोय? कोण जाणे.

आगगाडी कर्जतला नुकती थांबू लागली होती, तेव्हाची गोष्ट. भाताची झोडणी आटपली की आमच्या खळ्यावर सगळे गोल बसायचे आणि गुडगुडीची एकच नळी हातोहात फिरायची. पहिला मान तुकादादांचा, वयाने मोठे म्हणून. एकदा ते पेंढ्याच्या उडवीआड खोकत होते. थुंकीत रक्त — मी पाहिलं. त्यांनी पायाने वर माती ओढली. म्हणाले, "कुनाला बोलू नको रं. गुडगुडी तुटली तं मानूस तुटला."

खरंच होतं ते. ज्याची गुडगुडी बंद, त्याचं पाणीही बंद. मी शब्द दिला आणि पाळला. तुम्ही म्हणाल, यात वाईट काय?

थांबा — सांगतो. क्षयाचं उष्टं तोंडाला लावू नये, हे आईने मला लहानपणीच बजावलं होतं. दुसऱ्याच दिवशी मी म्हणालो, "दादा, तुमी दमता. मी चेतवून देतो." चेतवायला छातीत जोर लागतो, पहिला धूर घसा जाळतो. लोक वाखाणायचे — बघा, पोराची माया! मी ओढायचो, नळी दादांच्या हाती द्यायचो आणि बैल बघायला उठायचो. नळी फिरून माझ्याकडे येईपर्यंत मी कधी थांबलोच नाही.

दादांच्या शेजारी सखा बसायचा. माझा सखा — आम्ही एकाच ओढ्यात पोहायला शिकलो. त्याला नुसतं डोळ्याने तरी खुणावायचं की नाही? नाही खुणावलं. तो विचारेल, बोभाटा होईल, माझी मायाही उघडी पडेल — घाबरलो.

दादा गेले. मग सखा खोकू लागला.

अंथरुणावरून त्याने गुडगुडी मागितली. मी नेली — आधी मीच ओढली. तो हसला. "नेमी आमच्यासाठी घसा जाळलास रं तू." आणि मी? मी मान डोलावली.

तोही गेला. त्याची बायको अजून दरसाल नवे तांदूळ पाठवते. "तुमी त्यांना लय जपलंत, भावजी," म्हणते. यंदाही आले. आम्ही खीर केली. मी दोनदा मागून घेतली.