मोंबासाच्या मामाचे सांबुसे

लढाई संपली आणि आमचे मालक चार वर्षांनी हट्ट्याला परत आले. वसमतच्या ठेसनावरून बैलगाडीत बसून आले, तेव्हा अर्धं गाव वेशीत उभं होतं. मी दाराआड. लग्नाला सहा वर्षं झालेली, त्यातली चार ते आफ्रिकेत. तोंडसुद्धा मला नीट आठवत नव्हतं. पाहिलं तर आठवणीतल्यापेक्षा बरेच जाड झालेले.

गावाला लढाई ऐकायची होती. संध्याकाळी ओट्यावर माणसं जमायची, मामंजी पानाचं तबक पुढं करायचे आणि लेकाला म्हणायचे, "हं, सांग आता." पण हे पलटणीत होते ते लॉरी चालवायला. मोंबासा नावाच्या बंदरावर पोती भरायची आणि छावणीत नेऊन उतरवायची, एवढंच काम.

"दुश्मन तरी पाहिला का न्हाई?" मामंजींनी एकदा आशेनं विचारलं.

"पाहिला की. इटलीचे कैदी व्हते. भिंतीला चुना लावून राहिले व्हते."

माणसं हिरमुसून घरी जायची.

एका गोष्टीवर मात्र हे भरभरून बोलत. सांबुसा. तिकोनी, आत खिमा, वरचा पापुद्रा असा की दातानं नुसता दाबला तरी वाजावा. "मामाच्या हातचा सांबुसा म्हंजे काय सांगू! मामाकडंच शिकलो मी." दिवसातून दहादा मामा. मामंजींनी त्या मामाला मनातल्या मनात दाढी आणि ढेरी देऊन टाकली होती. मीही तोच खानसामा डोळ्यापुढं आणायची.

तुरीला शेंगा भरल्या होत्या तेव्हाची गोष्ट. एका सकाळी हे खाटकाकडून खिमा घेऊनच आले. सासूबाईंना म्हणाले, "माय, पोळपाट दे."

"मटण तुझं तू कर बाहेरच्या चुलीवर, आमी काई म्हणत न्हाई. पोळपाट कशाला मागून राहिला?"

"लाटायला."

"बाई हाय का तू?"

"पलटणीत बाया कुठून आणाव्या, माय? समदं आपणच करावं लागतं."

सासूबाईंनी कपाळावर हात मारला आणि पोळपाट दिला. मला हाताखाली बसवलं, लेकानं घरातलं भांडं फोडू नये म्हणून.

आमच्याकडं रोजची ज्वारीची भाकर. ती थापायची. लाटणं हातात यायचं ते सणाला. त्यामुळं हे फडक्यातून चाळलेली कणीक घेऊन लाटायला बसले तेव्हा मी पदरात हसत होते. ते हसू फार टिकलं नाही. त्यांनी दोन पुऱ्या केल्या, मधे तेलाचं बोट आणि पीठ लावलं, एकीवर एक ठेवून लाटत गेले. पोळी पोळपाटाबाहेर लोंबायला लागली तरी फाटेना. तव्यावर नुसती शेकवली, उतरवली आणि मला म्हणाले, "आता दोन्ही पदर सोडव. गरम हाय तोवर." बोटं भाजली, पण पदर सुटले. इतके पातळ की पलीकडं माझीच बोटं दिसत होती.

त्याच्या पट्ट्या कापल्या. पट्टीची वाण्याच्या पुडीसारखी पुडी वळायची, तीत कांदा, मिरची, वेलदोडा घालून परतलेला खिमा भरायचा आणि पिठाच्या खळीनं तोंड चिकटवायचं. खळ कालवायचं काम माझ्याकडं.

हे रंगात आले होते. "मामाचा हात लई हलका. पुडी वळताना कानातले डूल असे हलायचे तिचे..."

माझा हात थांबला.

"कुणाचे?"

"मामाचे."

"तिचे म्हणालात तुमी."

"मग बाईला काय म्हणू?" असं म्हणून ते पुढची पट्टी घेऊन बसले. अगदी निवांत.

दाढी गेली, ढेरी गेली. चुलीपाशी एक हलक्या हाताची, डूल घातलेली बाई येऊन बसली. मी खळीत आणखी एक फुलपात्र पाणी ओतलं.

ओट्यावर मामंजी आणि चार-पाच म्हातारी माणसं वाट पाहत होती. करडईच्या तेलात पहिला घाणा पडला आणि एकेक सांबुसा तोंड उघडून मोकळा झाला. खिमा एकीकडं, पापुद्रा दुसरीकडं, तेल चहूकडं. हे झाऱ्यानं गोळा करतायत, सासूबाई "माझं तेल, माझं तेल" करतायत आणि मी खालच्या मानेनं पुढची पुडी चिकटवतेय.

शेवटी परातीत जे जमलं ते बाहेर गेलं. मामंजींनी चिमूट तोंडात टाकली, डोळे मिटले. "वा! तिकडं असंच करतात काय?"

यांनी माझ्याकडं पाहिलं, मग खळीच्या वाटीकडं. "व्हय बाबा. असंच करतात."

परात चाटूनपुसून आत आली.

मग हे माझ्यापाशी येऊन बसले. वाटी तिरपी केली. खळ पाण्यासारखी वाहिली. "काहून केलं असं?"

"तिलाच बोलवा की चिकटवायला."

आधी त्यांना कळेचना. कळलं तेव्हा हसायलाच लागले, मला आणखी राग आला. "अगं, मामा म्हंजे त्यांच्या बोलीत आई! बंदराच्या फाटकाशी टोपली घेऊन बसायची म्हातारी. दोन दात राहिले व्हते. पट्टी फाटली की पळी हाणायची मला, हे बघ." मनगटावर खरंच एक डाग होता. तो कशाचा, देव जाणे. पण मी मानलं.

"मग पहिल्या दिवशीच सांगायचं ना."

"तू इचारलंस कुठं? थेट पाणीच ओतलंस."

आठवडाभरानं मी एकटीनं केले. सासूबाईंचा त्या दिवशी उपवास नव्हता, पण मटण न खायचा वार होता, म्हणून तुरीचे ओले दाणे ठेचून भरले. पदर दोनदा फाटले, तिसऱ्यांदा सुटले. एकही पुडी उघडली नाही. सासूबाई खात होत्या आणि विचारत होत्या, "त्या म्हातारीला लेकरं किती रे?"

हे ताटाकडं पाहत म्हणाले, "एकच पोरगा व्हता माय. बोटीवर गेला, मग त्याचा सांगावा न्हाई आला. माझ्याकडून तिनं कधी पैसे घेतले न्हाईत."

सासूबाईंनी हातातला तुकडा खाली ठेवला. मग त्यांनी यांच्या ताटात आणखी तीन सांबुसे घातले आणि मला म्हणाल्या, "मिरची जरा कमी टाकत जा."