खडकावरचं मालटा

माझे वडील बोटीवर आगवाले होते. आगवाला म्हणजे बोटीच्या पोटात उभं राहून भट्टीत कोळसा ढकलणारा. आता असा माणूस जग फिरला तरी बघणार काय? कोळसाच. पण एकदा त्यांची बोट बिघडली आणि दुरुस्तीसाठी भूमध्य समुद्रातल्या मालटा नावाच्या चिमुकल्या बेटावर जाऊन पडली. तिथे बाबा महिनाभर नुसते जेवले. निदान त्यांच्या बोलण्यावरून तरी तसंच वाटायचं.

रजेवर घरी आले की मालटा सुरू. तिथल्या एका कोळ्याशी त्यांची दोस्ती झालेली. तो किनाऱ्यावर चूल मांडून स्वतः मासे शिजवायचा. लसूण, लालबुंद बेलवांगी, ऑलिव्ह नावाच्या फळाचं तेल. (बेलवांगी म्हणजे तुमचे टोमॅटो हो.) आणि सगळ्यांत आधी कोण जेवायचं? त्याची बायको! ती चव घेऊन नावं ठेवायची, आणि तो कोळी हसायचा.

"शोभतं का ते बायकोच्या जातीला!" आत्या म्हणायची. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, नवरा गेल्यापासून आमच्याकडेच असायची.

आई सगळ्यांचं झाल्यावर चुलीपाशी बसून उरलंसुरलं जेवायची. बाबांनी "आज मीठ कमी" म्हटलं की खाली मान घालून ऐकायची. एकदा तरी तिने आपल्याआधी जेवावं, आपल्या हातचं जेवावं, असं बाबांच्या मनाने घेतलं होतं. "बस की गो," म्हणाले तर उत्तर ठरलेलं, "माझं मागाहून."

एका रजेत बाबांनी युक्ती काढली. आमचं घर आरे-वारेच्या किनाऱ्याला. तिथे एक मोठा सपाट खडक आहे, ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला चहूकडून पाणी. बाबा म्हणाले, "उद्या आपण सगळी मालट्याला जाऊ."

गेलो. बाबांच्या डोक्यावर स्वयंपाकाचा टोप, आईच्या हातात तांदळाच्या भाकऱ्यांचं गाठोडं, माझ्याकडे बेलवांगी, आणि आत्याकडे तक्रारी. बाबा पहाटेच मिरकरवाड्याच्या बंदरावर जाऊन चांगली तांबोशी मासळी घेऊन आले होते. तीन दगडांची चूल मांडली. आगवाल्याला जाळ करायला कोण शिकवणार!

"ते ऑलिव्हचं तेल कुठंय, मी बोटीवरून आणलेलं?" बाबांनी विचारलं.

आत्याने पाय पोटाशी ओढले. "बाटलीभर तेल तू काय कढीत ओतायला आणलंस? मी गुडघ्यांना चोळलं. बरा गुण आहे हो."

मग खोबरेलावरच लसूण पडला. बेलवांग्यांचा लाल रस सुटला तशी आत्याने तोंड फिरवलं, तिला तो रक्तासारखा दिसे. बाबांनी समुद्रातून लोटाभर पाणी आणून टोपात ओतलं आणि सरपण बघायला खडकाच्या पलीकडे गेले.

आमच्याकडे शिजताना चाखत नाहीत, अन्न उष्टं होतं. मीठ अंदाजाने. बाबांनी मीठ घातलेलं काही कुणी पाहिलं नव्हतं.

भरती चढली. बाबांनी पळसाच्या पानावर मासा वाढला आणि आईपुढे ठेवला.

"जेव."

"मी घरी जाऊन जेवेन."

"जा की. पोहत जा."

आईने पाण्याकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस?" आत्या म्हणाली. "मालट्यात माझं कोण ऐकतंय!"

आईने पदर सारखा केला, भाकरीचा तुकडा मोडला, रसात बुडवला आणि आमच्याकडे पाठ करून तोंडात घातला. बाबा श्वास रोखून उभे. आईची पाठ तशीच. मग ती हळूच वळली.

"मीठ जास्त झालंय हो."

"कसं होईल? मी मीठ घातलंच नाही. तिथे समुद्राचं पाणीच घालतात, तेच मीठ."

आत्या भरतीकडे बघायला लागली. "मला वाटलं हा विसरला. म्हणून मी मूठभर टाकलं."

"अगोबाई वन्सं," आई म्हणाली, "तुम्हीपण टाकलंत?"

बाबा असे हसले की खडकावरचे कावळे उडाले. आई आधी लाजली. मग मात्र तिला त्या पहिल्या पानाची गोडी लागली बघा. "आणि लसूण करपलाय," ती म्हणाली. "मासा जरा आधी उतरवायला हवा होता. भाकऱ्या तेवढ्या चांगल्या झाल्यात." बाबा हात जोडून पुढ्यात बसलेले, "होय बाई, होय बाई," करत. मग आम्ही सगळ्यांनी तो खारट मासा लोणच्यासारखा भाकरीला लावून संपवला. आत्याने तर लाल रसही सोडला नाही.

घरी आल्यावर आई पुन्हा चुलीपाशी, शेवटी. मला वाटलं, खडकावरचा कायदा खडकावरच राहिला.

पुढच्या रजेला बाबा आले. ट्रंक अजून डोक्यावरच होती, तर आई दारातून विचारते, "उद्या ओहोटी कधी हो?"