उत्तर न सुचवणारा माणूस

आमच्या खालच्या मजल्यावरच्या सरकारी वकिलांनी आयुष्यात कुणालाही "चहा घेणार का?" असं विचारलं नाही. पुण्यात यात विशेष ते काय, असं कुणी म्हणेल. पण त्यांच्या घरी चहा भरपूर मिळायचा. फक्त त्यांचा प्रश्न असा असे : "आता आपल्याला काय हवंसं वाटतं आहे?" आपल्या साक्षीदाराला उत्तर सुचेल असा प्रश्न विचारायचा नाही, हा कोर्टातला नियम त्यांनी बिबवेवाडीतल्या संसारालाही लावला होता. दूध पातळ आलं तर ते दूधवाल्याला झापत नसत. पातेलं पुढे करून "यात आपल्याला काय दिसतं?" विचारत. "दूधच हाय की, सायेब." "बरं. आणखी काय दिसतं?" चौथ्या प्रश्नाला तो बिचारा आपणहून पाण्यावर यायचा. स्वतःच्या मुलीला बघायला आलेल्या मुलालाही त्यांनी "आपण इथे काय पाहिलंत?" एवढंच विचारलं. तो घाबरून "पोहे" म्हणाला. स्थळ मोडलं, वहिनी आठवडाभर नवऱ्याशी बोलल्या नाहीत, आणि हे म्हणाले, "साक्षीदार खरं बोलला." मी हसलो, तेव्हा मला म्हणाले, "अहो, उत्तर आपण तोंडात घातलं की ते आपलंच राहतं. त्याचं होत नाही."

पुढे एका दुपारी शेजारच्या बांधकामावर बिल्डरच्या मुलानं रखवालदाराला सळईनं मारलं. त्या मारानं रखवालदार दोन दिवसांनी गेला. मी सगळं गॅलरीतून पाहिलं होतं; पोलिसांना तसा जबाबही दिला. खटला नेमका वकीलसाहेबांकडे आला. साक्षीच्या आदल्या आठवड्यात एक गृहस्थ माझ्या घरी आले, चपला बाहेर काढून बसले आणि अदबीनं म्हणाले, "काका, तुमची मुलगी साडेसातच्या बसनं कात्रजला जाते, नाही का?"

कोर्टात वकीलसाहेबांनी विचारलं, "त्या दुपारी आपल्याला काय दिसलं?"

"काही नाही. मी झोपलो होतो."

पुण्यात दुपारी झोपलेल्या माणसावर कुणाचाही विश्वास बसतो. त्यांनी चष्मा पुसला आणि साक्षीदार फितूर झाल्याचं न्यायाधीशांना सांगितलं. फितुराला उत्तर सुचवलेलं चालतं. "आपण गॅलरीत उभे होता, हे खरं ना?" "खोटं." "आरोपीच्या हातात सळई पाहिलीत, हे खरं ना?" "खोटं." मागच्या बाकावर रखवालदाराची बायको बसली होती. माझ्याखेरीज पाहणारा कुणी नव्हता. बिल्डरचा मुलगा सुटला.

वकीलसाहेबांनी अबोला धरला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटले. "आपण बरे आहात, खरं ना?" पुढे अनेक वर्षं त्यांनी मला असेच प्रश्न विचारले. "आपण चहा घेणार नाही, खरं ना?" मी "खरं" म्हणून जिना चढायचो. आख्ख्या सोसायटीत फितूर मी एकटाच होतो.

ते अंथरुणाला खिळल्यावर भेटायला गेलो. माझी मुलगी सुखरूप आहे, मला लाज वाटायचं कारण नाही, असं घोकत गेलो होतो. उशाशी बसलो आणि कुणी न विचारताच बोलून गेलो, "मी गॅलरीत उभा होतो. सळई त्याच्याच हातात होती."

त्यांनी वहिनींना हाक मारली आणि मला हळूच विचारलं, "आता आपल्याला काय हवंसं वाटतं आहे?"

मला साधा चहाही मागता आला नाही.